जुनी जीप : भंगारात, संग्रहात की रस्त्यावर?

विशेष प्रतिनिधी

घराच्या आवारात जुनी जीप नटबोल्टपर्यंत सुटी करायची आणि सवडीने पुन्हा उभी करायची, हा छंद महाराष्ट्राला नवा नाही. मात्र गेल्या काही वर्षांत बदललेल्या नियमांनी या छंदापुढे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. दुरुस्ती कितीही चोख झाली, तरी अशी गाडी कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसवायची, याचे समाधानकारक उत्तर आजच्या नियमांत सापडत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये केले. एप्रिल २०२२ पूर्वी हेच शुल्क ६०० रुपये होते. त्या वर्षी ते पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी ५ हजारांवर नेण्यात आले आणि तीन वर्षांतच वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दुप्पट झाले. जुनी गाडी बाळगणे महाग झाले, की लोक ती आपणहून मोडीत काढतील, हा यामागचा उघड हेतू आहे. रोज शहरात धावणाऱ्या हजारो जुनाट मोटारींचा विचार केला तर त्यात तथ्यही आहे.

परंतु या धोरणाच्या जाळ्यात एक वेगळाच मासा सापडला आहे. चाळीस वर्षांपूर्वीची महिंद्र जीप, लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा किंवा मारुतीची जिप्सी विकत घेऊन दोन-तीन वर्षे खपून ती नव्यासारखी करणारा मालक हा गाडी 'चालवून संपवणारा' नसतो. गाडीचा प्रत्येक भाग त्याच्या हाताखालून गेलेला असतो. तरीही कायद्याच्या लेखी त्याची गाडी आणि वर्षानुवर्षे तेल न बदललेली, धूर ओकणारी गाडी या दोन्ही सारख्याच वयाच्या आणि म्हणून सारख्याच संशयित ठरतात. वय आणि अवस्था यांतील हा फरक धोरणात कोठेच उमटलेला नाही, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

युद्धभूमीवरून वडापपर्यंत

जीप भारतीयांच्या, विशेषतः महाराष्ट्रातील जनतेच्या जीवनात इतकी कशी मुरली, हे समजून घेतल्याशिवाय या छंदामागची ओढ कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. ८० इंचांचा व्हीलबेस, चार सिलिंडरचे २.२ लिटरचे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी ताकद, एवढाच तिचा संसार होता. युद्ध संपल्यावर यातील अनेक गाड्या भारतात मागे राहिल्या.

१९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. सुटे भाग आयात करून मुंबईत माझगाव येथे जोडलेली पहिली विलीज जीप १९४९ मध्ये बाहेर पडली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. जाणकार आजही युद्धकाळातील जीपला 'लो बॉनेट' आणि हिला 'हाय बॉनेट' म्हणून ओळखतात. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, भारतात मात्र त्याची वंशवेल फोफावत राहिली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार झाला आणि २,११२ सीसीचे ते इंजिन ऐंशीच्या दशकात एमएम-५४०सारख्या गाड्यांच्या बॉनेटखाली गेले.

त्यानंतरची तीन दशके मामलेदार कचेरी, पोलीस ठाणे, वन खाते, पाटबंधारे विभाग आणि साखर कारखाना यांच्या दारात उभी असणारी गाडी म्हणजे जीप, हे समीकरणच होते. पश्चिम महाराष्ट्रात एस.टी. जेथे पोहोचत नव्हती तेथे 'वडाप'च्या जीपगाड्या पोहोचल्या. निवडणुकीचा प्रचार, लग्नाचे वऱ्हाड, बाजारचा भाजीपाला, अडलेली बाळंतीण यांपैकी काहीही तिला वर्ज्य नव्हते. आज जी मंडळी जुन्या जीपच्या शोधात तालुक्याच्या गावांतून फिरताना दिसतात, त्यांतील अनेकांनी लहानपणी तिच्या मागच्या आडव्या बाकावर बसून प्रवास केलेला असतो.

जीपच का?

ओढ हे एक कारण झाले. दुसरे कारण निखळ तांत्रिक आहे. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि बॉडी एकसंध असते. दाराखालचा पत्रा गंजला तर गाडीची ताकदच कमी होते. जीपचे तसे नाही. शिडीच्या आकाराची पोलादी चासी खाली आणि पत्र्याचा टप वर, दोन्ही बोल्टने जोडलेले. चार-सहा माणसे हाताशी असली, की टप उचलून बाजूला ठेवता येतो. पुढे-मागे सरळ अॅक्सल, त्यावर कमानीचे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि यांत्रिक पंपावर चालणारे डिझेल इंजिन. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि पान्याने खोलता येते.

शिवाय सुट्या भागांची परंपरा अखंड आहे. मूळ विलीजची रचना थोड्याफार फरकाने भारतात पुढची अनेक दशके बनत राहिल्याने अनेक भाग एका पिढीचे दुसऱ्या पिढीला बसतात, काही थोड्या कामाने बसविता येतात. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील कुर्ल्याचा भंगार बाजार आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर येथे पायपीट केली, तर न मिळणारी वस्तू मिळते किंवा बनवून घेता येते. उत्तरेकडे हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जीप बांधणीसाठीच देशभर ओळखले जाते.

जिप्सी आणि जोंगा यांची गोष्ट थोडी निराळी आहे. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली जिप्सी हलकी आणि पेट्रोलवर धावणारी. तिचे उत्पादन अलीकडे २०१९ मध्ये थांबल्याने भाग अजून सहज मिळतात. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली जोंगा सहा सिलिंडरची, जवळपास चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची आणि तहानेने बेजार करणारी आहे. तिचे भाग मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. घरच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला जाणकार महिंद्रची डिझेल जीप सुचवतात, ते यामुळेच.

गॅरेजमधील दोन वर्षे

जीपची पुनर्बांधणी म्हणजे रंग आणि रुंद टायर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कामाचा क्रम याच्या अगदी उलट आहे. थांबणे आणि वळणे प्रथम, चालणे नंतर आणि दिसणे सर्वांत शेवटी, असा तो आहे. हा क्रम मोडला, की पैसे दुप्पट खर्च होतात. चकाचक रंग मारलेल्या गाडीखाली नंतर वेल्डिंग करावे लागते आणि रंग जळतो, हे अनेक गॅरेजांत दिसणारे चित्र आहे.

पहिली पायरी सुटे करण्याची. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, बोल्ट-वॉशर स्वतंत्र पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. हे काम कंटाळवाणे वाटते. पण वर्षभराने जोडणी सुरू होते तेव्हा स्मरणशक्ती कामी येत नाही, चिठ्ठीच येते. टप उतरला, की चासी उघडी पडते आणि गाडीचे खरे वय कळते. कोकणातून आलेल्या गाडीत खाऱ्या हवेने पत्र्याला आतून पोखरलेले असते. देशावरच्या गाडीत गंज कमी, पण ओझे वाहून पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी तडे गेलेले आढळतात. चासीच्या दोन्ही कर्णांची मापे घेऊन ती सरळ आहे की मुरडली आहे, हे पाहिले जाते. मुरडलेल्या चासीवर बांधलेली गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. सँड ब्लास्टिंग करून तडे वेल्डिंगने भरायचे, कमकुवत जागी आतून पट्टी द्यायची आणि लगोलग प्रायमर मारायचा, असा हा टप्पा आहे. उघडे लोखंड पावसाळी हवेत एक रात्र राहिले तरी त्यावर तांबूस थर चढतो.

त्यानंतर अॅक्सल. पुढच्या अॅक्सलवर चाक वळविणाऱ्या किंगपिनच्या बेअरिंगा झिजल्या असतील तर ठराविक वेगाला स्टिअरिंग थडथड करू लागते. टायर बदलून हा दोष जात नाही. क्राउन आणि पिनियन यांतील फट मापात बसवणे हे कसबी काम आहे. ती कमी राहिली तर दाते तापतात, जास्त राहिली तर आवाज करतात. पाट्यांची कमान बसली असेल तर त्यांना पुन्हा कमान देणारे कारागीर अजून आहेत. बुश आणि शॅकल मात्र नवेच घालणे शहाणपणाचे.

ब्रेकच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकाच नळीतून तेल जाते. कोठेही गळती झाली तर चारही ब्रेक एकाच वेळी जातात. म्हणूनच मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि लायनर हे सारे एकदम बदलले जाते. येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजांतील सवय फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्यानेच पुसावी. तसेच गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे आणि पेट्रोलची टाकी नीट धुऊन न घेता तिला वेल्डिंग करणे, या दोन चुका जिवावर बेतणाऱ्या आहेत.

इंजिनाचे काम घरी निम्मेच होते. खोलणे, धुणे आणि जोडणे घरी. परंतु सिलिंडर बोअर करणे, नवे स्लीव्ह बसविणे, क्रँक घासणे आणि डिझेल पंप-नोझल मापात लावणे यांसाठी यंत्रशाळेतच जावे लागते. पेट्रोल इंजिन असेल तर एक नवी अडचण आहे. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठण्यात आले. साठ-सत्तरच्या दशकातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचे गॅस्केट हे अशा इंधनासाठी बनलेलेच नव्हते. ते न बदलता गाडी चालविली तर नळी फुगते, चिरते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळू लागते. हा आगीला निमंत्रण देणारा प्रकार आहे.

शेवटी वायरिंग. जुन्या जीपला लागलेली आग बहुधा येथूनच सुरू झालेली असते. तीस वर्षांत प्रत्येक इलेक्ट्रिशियनने एकेक तार वाढवलेली असते आणि फ्यूज कोठेच नसतो. जुनी तारांची जुडी संपूर्ण काढून टाकून नवी बनविणे आणि प्रत्येक जोडणीला फ्यूज देणे, यांत फार तर दोन-तीन सुट्या जातात. पण त्यामुळे गाडी वाचते.

हात कोणाचे उरले?

या सगळ्यात मालकाचा उत्साह पुरेसा नाही. त्याला शिकवणारा कोणीतरी लागतो. आवाजावरून टॅपेटची फट सांगणारे, हाताने पत्रा ठोकून मडगार्डला गोलाई देणारे, लेथवर हरवलेला बुश घडवणारे कारागीर साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांची मुले एक तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात संगणकाला तार जोडून दोष वाचण्याचे काम करतात किंवा या धंद्यात नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. नव्या गाडीत भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. आणि पगारही तेथेच मिळतो.

त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये सुरू असलेली एकेक जीप ही नकळत चालणारी शाळा ठरते. शनिवार-रविवारी येणारा वयस्क फिटर, हाताखाली बँकेत किंवा संगणक कंपनीत नोकरी करणारा मालक आणि पाने पुसून देणारी त्याची दहा-बारा वर्षांची मुले, असे हे वर्ग आहेत. त्यांतून मिळणारे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात उरलेले नाही. या गाड्यांवर बंदी न घालता केवळ त्या बाळगणे अशक्य करून ठेवले, तर गाडीबरोबर हे ज्ञानही भंगारात जाईल.

गाड्यांचा झराही आटत चालला आहे. पूर्वी शासकीय खात्यांच्या निकामी जीप लिलावात निघत आणि सुस्थितीतील चासी व मूळ कागदपत्रांसह त्या हौशी मंडळींच्या हाती पडत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी संपुष्टात येऊ लागली आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रांतच मोडण्याचे बंधन आले. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना यातून सूट आहे. परंतु तहसील कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या जीपला नाही.

दोनच रकाने

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे मुळात कायद्याने वयाची कमाल मर्यादा घातलेली नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला सुरू करण्यात आलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा गाभाही तपासणी हाच होता. तपासणीत नापास होणारी गाडी आयुष्य संपलेली मानायची, असे त्याचे सूत्र होते.

दिल्लीने मात्र वेगळी वाट धरली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना तेथे मज्जाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवरील सक्तीच्या कारवाईला आवर घातला. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतील जीपला अर्थातच त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्रात असा सरसकट वयाचा नियम नाही. मात्र राजधानीत रुळलेला नियम उद्या मुंबई-पुण्यापर्यंत येणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

दुसरा अडसर कलम ५२ चा आहे. नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेली वैशिष्ट्ये यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारून हे तत्त्व ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा कायदा योग्यच आहे. अडचण दुरुस्ती कोठे संपते आणि बदल कोठे सुरू होतो, ही रेषा स्पष्ट नसल्याची आहे. एकाच नळीचा ब्रेक काढून दोन नळ्यांचा बसविला, ड्रमच्या जागी डिस्क लावली, मूळ इंजिन मिळत नाही म्हणून त्याच कंपनीचे पुढच्या मॉडेलचे इंजिन घातले, तर गाडी अधिक सुरक्षित होते. पण तिची कायदेशीर बाजू लंगडी पडते. एकेका परिवहन कार्यालयात एकेक अर्थ लावला जातो, ही मालकांची नेहमीची तक्रार आहे.

मग तिसरा मार्ग 'व्हिंटेज' नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. 'व्हीए' या अक्षरांचा विशेष क्रमांक, २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, अशी त्याची रूपरेषा आहे. स्वागतार्ह असे हे पाऊल होते. परंतु त्यातील अटी पाहिल्या, की जीप त्यात मावत नाही हे लक्षात येते. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, असे नियम म्हणतो. साठच्या दशकातील बहुतांश जीपमध्ये डिझेल स्वस्त होते त्या काळात डिझेल इंजिने चढविण्यात आली. त्या पन्नास वर्षांच्या झाल्या तरी अपात्र. ज्या एमएम-५४० मूळ इंजिनासह टिकून आहेत, त्या ऐंशीच्या दशकातील. त्यांची पन्नाशी अजून दूर आहे. शिवाय व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. डोंगरातील शेतावर आठवड्यातून एकदा खताची पोती नेणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

थोडक्यात, कायद्यापाशी एक रकाना भंगाराचा आहे आणि दुसरा संग्रहाचा. दुरुस्त करून मर्यादित वापरात ठेवलेल्या गाडीसाठी तिसरा रकानाच नाही.

दुसरी बाजूही खरी

मालकांच्या बाजूने सहानुभूती वाटली तरी शासनाच्या काळजीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाही, अनेकींत सीटबेल्ट नाही, अपघातात दबून धक्का शोषणारी रचना नाही. उलटल्यास डोक्यावर कापडी छत. अशा गाडीत तिप्पट ताकदीचे इंजिन आणि भलेमोठे टायर चढवून ती द्रुतगती मार्गावर पळविणारे महाभाग आहेत आणि त्यांनीच या छंदाला बदनाम केले आहे.

धुराचा प्रश्नही टाळता येत नाही. भारतात वाहन प्रदूषणाचे पहिले निकष नव्वदच्या दशकाच्या आरंभी आले. बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्याआधीच्या डिझेल इंजिनाचा धूर उत्तम दुरुस्तीनेही नव्या गाडीइतका स्वच्छ होत नाही. मात्र वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी यांचा एकूण धूर सारखा नसतो, हेही तितकेच खरे.

सर्वांत गंभीर बाब कागदपत्रांची. एका मोडलेल्या गाडीचे नोंदणी पुस्तक, दुसरीची चासी आणि तिसरीचे इंजिन एकत्र करून 'नवी' जीप विकण्याचे प्रकार घडतात. चोरीच्या गाडीचे भाग यातूनच बाजारात मुरतात. खरेदीदाराने चासी क्रमांक स्वतः घासून वाचावा, तो परिवहन कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहावा, इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद झाली आहे का ते तपासावे आणि मगच पैसे मोजावेत. नोंदणी मुदतबाह्य झालेली, मूळ मालक सापडत नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती रस्त्यावर येईल अशी आशा धरू नये. अनेकांची दोन वर्षांची मेहनत याच एका चुकीमुळे शेडमध्ये झाकून पडली आहे.

इतरांनी काय केले?

हा पेच केवळ आपलाच नाही. जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरील गाड्यांसाठी विशेष क्रमांकपट्टी सुरू केली. गाडी मूळ स्वरूपाच्या जवळ आणि सुस्थितीत असल्याचे तज्ज्ञ तपासतो. उत्तीर्ण झाल्यास तिला करात सवलत मिळते आणि ती रोजच्या रस्त्यावरही चालते. लँड रोव्हर घरी बांधण्याची मोठी परंपरा असलेल्या ब्रिटनने पुनर्बांधणी झालेल्या गाडीसाठी गुणपद्धत ठेवली होती. चासीला सर्वाधिक, त्याखालोखाल सस्पेंशन, अॅक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंगला आणि इंजिनाला सर्वांत कमी गुण, आणि ठराविक गुण मिळाले तर जुना क्रमांक कायम, अशी ती पद्धत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील नियम आणखी सुटसुटीत करण्यात आले आणि मूळ स्वरूप राखणाऱ्या दुरुस्तीची वेगळी कल्पना देण्याची गरज उरली नाही. इंजिनापेक्षा चासीला गाडीची ओळख मानणे, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येणार नाही, कारण आपली तपासणी यंत्रणा तितकी विश्वासार्ह नाही. परंतु स्वयंचलित तपासणी केंद्रांचे जाळे उभे राहत आहे, तर त्याचा उपयोग केवळ गाड्या नापास करण्यासाठी का व्हावा? तीस वर्षांवरील गाड्यांसाठी 'पुनर्बांधणी' असा वर्ग करावा. चासी मूळ आणि तिचा क्रमांक निर्विवाद असणे ही पहिली अट असावी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि सीटबेल्ट यांची कडक तपासणी व्हावी. सुरक्षितता वाढविणाऱ्या ठराविक बदलांची यादी शासनानेच प्रसिद्ध करावी. इंजिन त्याच उत्पादकाचे आणि जवळपास तितक्याच ताकदीचे असेल तर नोंद करून मान्यता द्यावी आणि त्याबदल्यात वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा घालावी. मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत या गाड्यांना मनाई केली तरी बहुतेक मालकांची तक्रार राहणार नाही. त्यांना ती गाडी चौपाटीवर मिरवायची नसते, ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या वाटेला न्यायची असते.

हे मालक शुल्क चुकवू पाहणारे नाहीत. पाच वर्षांसाठी १० हजार रुपये भरण्यास त्यांतील अनेकजण तयार आहेत. ते भरूनही गाडीवर कारवाईची टांगती तलवार राहते, ही त्यांची खरी चिंता आहे. वयाचा दाखला पाहून गाडीचे भवितव्य ठरविणे प्रशासनाला सोपे जाते, यात शंका नाही. परंतु मोडीत काढण्याच्या धोरणाचा मूळ शब्द 'तपासणी' होता, याचे स्मरण धोरणकर्त्यांना करून देण्याची वेळ आली आहे. तपासणी प्रामाणिक झाली, तर धूर ओकणारी पंधरा वर्षांची मोटार भंगारात जाईल आणि नीट बांधलेली चाळीस वर्षांची जीप घाट चढत राहील. दोन्ही गोष्टी सार्वजनिक हिताच्याच आहेत.